रीमा लागू: विनोदाचं वेगळं खातं

आमच्या घरी ‘तू तू मैं मैं’ बघायला दोन पार्ट्या असायच्या. कॉटवर वाती वळत बसलेली आजी आणि स्वयंपाकघराच्या दारात, हाताला कणीक तशीच, उभी आई. पडद्यावरची सासू, म्हणजे रीमा लागू, सुनेला काही खोचक बोलली की आजी वातीवरची नजर न काढता म्हणायची, “बरोबरच बोलतेय की ती.” मनापासून म्हणायची. आणि नेमक्या त्याच वाक्याला आई दंडानं तोंड झाकून हसायची. मी मध्ये सतरंजीवर. एकाच वाक्याला एका बाईची मान डोलते आणि दुसरीला हसू आवरत नाही, हे कसं जमत असेल, असा प्रश्न पडायचं ते वय नव्हतं.

प्रश्न पडला तो १८ मे २०१७ ला. रीमा लागू गेल्या, आणि ज्या त्या बातमीत ‘पडद्यावरची आई’ हेच दोन शब्द. सलमानची आई, माधुरीची आई, संजय दत्तची आई. ते खोटं नव्हतंच. पण ‘तू तू मैं मैं’मधली सासू देवकी वर्मा आणि ‘श्रीमान श्रीमती’मधली कोकी कुलकर्णी, या तिच्या विनोदी भूमिकांना कुठल्या तरी शेवटच्या परिच्छेदात, ‘याशिवाय छोट्या पडद्यावरही’ असं म्हणून उरकलेलं होतं. वर्षानुवर्षं आठवड्याला एकदा घराघरांत हसवणाऱ्या बाईची बोळवण ‘याशिवाय’ या एका शब्दात झाली, ते मनात राहिलं. म्हणून हे प्रकरण जरा उलगडून बघायला घेतलं.

सुरुवात १९९४ पासून करावी लागते. सगळी गंमत त्या वर्षात आहे.

त्या ऑगस्टमध्ये ‘हम आपके हैं कौन’ लागला. त्यात रीमा माधुरी दीक्षितची आई, अनुपम खेरची बायको. मुलीचं लग्न लावणारी, पाठवणीला डोळे पुसणारी, सोज्वळ. त्याच वर्षी अधिकारी बंधूंची ‘श्रीमान श्रीमती’ दूरदर्शनवर सुरू झाली. त्यात ती कोकिला कुलकर्णी, म्हणजे कोकी. आणि त्याच वर्षी सचिन पिळगावकरांची ‘तू तू मैं मैं’ आली, तिच्यात ती देवकी, सुनेशी पळीपासून पडद्यापर्यंत कशावरही भांडणारी सासू. म्हणजे थिएटरात लोक तिच्याबरोबर डोळे टिपत होते आणि घरी येऊन तिलाच हसत होते. वय छत्तीस. माधुरीपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. योगायोग असा की टीव्हीवरची सून, सुप्रिया पिळगावकर, तीही रीमापेक्षा नऊच वर्षांनी लहान.

माझं म्हणणं एवढंच आहे: ही दोन वेगळी कामं नव्हती. सिनेमातल्या आईसाठी तिनं जी हत्यारं घासूनपुसून ठेवली होती, तीच तिनं टीव्हीवर उलटी धरली. हिंदी सिनेमातल्या रडव्या आईचं सगळ्यात नेमकं विडंबन त्या आईनंच, त्याच वर्षात, दर आठवड्याला करून दाखवलं, आणि फारसं कुणी ते तसं पाहिलं नाही.

ही हत्यारं आली कुठून, ते आधी.

मूळ नाव नयन भडभडे. जन्म २१ जून १९५८. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या नावाजलेल्या अभिनेत्री. ‘लेकुरे उदंड जाली’ म्हटलं की जुन्या प्रेक्षकांना त्या आठवतात. त्यामुळे विनोदी नाटकाचा प्रयोग विंगेतून कसा दिसतो, हे या मुलीला शाळेच्या आधी कळलं असणार. शाळा पुण्याची हुजूरपागा. लहानपणी सिनेमात बालकलाकार म्हणूनही तिनं कामं केली. पुढे मुंबईत युनियन बँकेत नोकरी. विवेक लागूही बँकेतले आणि नाटकवाले. लग्नानंतर नयन भडभडेची रीमा लागू झाली.

बँकेची नोकरी हा भाग चरित्रात सहसा एका ओळीत उरकतात. मराठी नाटकाच्या संदर्भात मात्र तो महत्त्वाचा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या यांनी मुंबईतली निम्मी हौशी रंगभूमी पोसली असं म्हटलं तरी चालेल. आंतरबँक स्पर्धा, एकांकिका, कॅश टॅली झाली की तालीम. पगार ठरलेला, त्यामुळे नाटक पोटासाठी करावं लागत नसे, आणि म्हणूनच ते निवडून करता येई. रीमानं जी नाटकं केली ती बघा. जयवंत दळवींचं ‘पुरुष’, विजया मेहतांच्या दिग्दर्शनात, समोर नाना पाटेकर. त्यात ती अत्याचार झालेली अंबिका. शेखर ताम्हाणे यांचं ‘सविता दामोदर परांजपे’, ज्यात एका बाईच्या अंगात दुसरीच बाई बोलू लागते. यात हसण्यासारखं काही नाही. पण दुसऱ्या नाटकात ती रोज संध्याकाळी काय करत होती? एका क्षणी साधीसुधी गृहिणी, पुढच्या क्षणी भलतीच कोणी, आणि प्रेक्षकाला मधला सांधा दिसू द्यायचा नाही. देवकीचं सगळं काम या सांध्यावर उभं आहे. मुलगा दारातून आत आला की आवाजात ओलावा, मुलगा आतल्या खोलीत गेला की तोच आवाज कोरडा ठणठणीत. फरक इतकाच की नाटकात सांधा लपवायचा होता, इथे तो मुद्दाम थोडा उघडा ठेवायचा.

सिनेमात ती आधी ‘सिंहासन’, ‘आक्रोश’, ‘कलयुग’ अशा वेगळ्या वाटेच्या चित्रपटांत दिसली. मग १९८८ चा ‘कयामत से कयामत तक’, जुही चावलाची आई. तिशी गाठायला अजून दोन महिने होते. १९८९ च्या शेवटी ‘मैंने प्यार किया’, सलमान खानची आई; तो सात वर्षांनी लहान. तिथून शिक्का बसला. ‘वास्तव’मध्ये ती ज्याची आई झाली तो संजय दत्त तिच्याहून फक्त एका वर्षानं धाकटा आहे. याची चेष्टा पुष्कळ झालीय, मी पुन्हा करत नाही. सहायक अभिनेत्री म्हणून फिल्मफेअरची चार नामांकनं: ‘मैंने प्यार किया’, ‘आशिकी’, ‘हम आपके हैं कौन’, ‘वास्तव’. बाहुली एकदाही नाही.

या आयांना एक गोष्ट सिनेमा कधीच करू देत नसे, ती म्हणजे चुकायची. आई रागावली तरी बरोबर, रडली तरी बरोबर, गप्प बसली तर जास्तच बरोबर. आणि जी बाई कधीच चूक नसते ती विनोदी होऊ शकत नाही. ‘हम आपके हैं कौन’मध्ये व्याही-विहिणीच्या चिडवाचिडवीचं एक गाणं आहे, आलोकनाथबरोबरचं. तिथे दोन-चार क्षण तिच्या डोळ्यांत एक मिश्कील बाई डोकावते. गाणं संपतं, पदर सारखा होतो, आई परत जागेवर.

हिंदी सिनेमानं बायकांना विनोद दिला तो कोणत्या बायकांना, हेही बघायला हवं. टुणटुण, मनोरमा, पुढे गुड्डी मारुती. विनोद शरीरावर, नाही तर कर्कश आवाजावर. देखण्या आणि शांत चेहऱ्याच्या बाईला विनोद द्यायचा म्हणजे चेहरा वाया घालवणं, असाच हिशेब होता. शुभा खोटे हा मोठा अपवाद. पन्नास-साठच्या दशकांत मेहमूदच्या जोडीनं त्यांनी सिनेमात विनोद गाजवला आणि १९९३ मध्ये ‘जबान संभाल के’मधून टीव्हीवरही आल्या. पण त्यांचा विनोदी चेहरा आधीपासून ठरलेला होता. रीमाचा ठरला होता तो रडका.

मराठी सिनेमात तर ऐंशीच्या दशकात विनोदाची लाटच होती. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन, महेश कोठारे. तिच्यातही बायकांच्या वाट्याला बहुधा प्रेयसी किंवा खाष्ट घरमालकीण. रीमा त्या लाटेत जवळजवळ नाहीच. त्या लाटेतलाच एक दिग्दर्शक, ‘नवरी मिळे नवऱ्याला’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’ करणारा सचिन, टीव्हीकडे वळला तेव्हा त्यानं तिला बोलावलं.

आता कामाकडे.

‘श्रीमान श्रीमती’चा सांगाडा अगदी साधा. दोन शेजारी, दोन जोडपी, आणि कुलकर्ण्यांचा मुलगा चिंटू. केशव कुलकर्णीचा जीव शेजारच्या सिनेनटी प्रेमा शालिनीवर, आणि प्रेमाचा नवरा दिलरुबा याचा जीव कोकीवर. केशव म्हणजे जतीन कनकिया, दिलरुबा म्हणजे राकेश बेदी, प्रेमा म्हणजे अर्चना पूरणसिंग. दिग्दर्शन राजन वाघधरे यांचं. तिघंही नट मोठ्या आवाजाचे, मोठ्या हालचालींचे. कनकिया गुजराती रंगभूमीवरून आलेले. भुवया, खांदे, अर्धवट तोडलेली वाक्यं, सगळं वापरायचे. रीमा या तिघांच्या मध्ये जवळजवळ काहीच करत नाही. ती भिंत आहे. चेंडू कितीही जोरात मारा, तेवढ्याच सरळ परत येतो. केशव थाप मारतो, कोकी त्याच्याकडे बघते. ते बघणं एका श्वासाएवढंच लांब असतं. खरं वाटलं की नाही, हे त्यात कळत नाही, आणि केशव त्या एका श्वासात स्वतःहून दुसरी थाप मारून बसतो. नाटकवाले याला समोरच्याला ‘देणं’ म्हणतात. हशा कनकियांच्या नावावर जमा होतो, पण खातं तिनं उघडून दिलेलं असतं.

अशा मालिकांत वरून टेपचा हशा घातलेला असायचा, आज ऐकताना डोकं उठवतो. पण म्हणूनच एक गोष्ट तपासता येते. टेपचा हशा कुठे आहे आणि आपल्याला हसू कुठे येतं, ते बघा. बाकीच्यांच्या वाक्यांवर दोन्ही बहुतेक एकाच वेळी येतात. कोकीच्या बाबतीत आपण अनेकदा टेप संपल्यानंतर हसतो, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर उगाच अर्धा सेकंद रेंगाळतो तेव्हा.

आडनावांची एक गंमत जाता जाता. कुलकर्णी या मराठी घरात नवरा गुजराती नट आणि बायको मराठी. आणि ‘तू तू मैं मैं’मधल्या हिंदी भाषक वर्मांच्या घरात सासू रीमा, सासरा कुलदीप पवार, सून सुप्रिया, दिग्दर्शक सचिन, सगळी मराठी मंडळी. नव्वदच्या दशकातला हिंदी टीव्हीवरचा घरगुती विनोद बराचसा शिवाजी मंदिर आणि दीनानाथ या मुंबईतल्या मराठी नाट्यगृहांच्या अंगणातून गेलेला होता. वर्मांच्या घरातली ती भांडणं मला अजून मराठीतच ऐकू येतात.

देवकी हे मात्र कोकीच्या उलटं काम. इथे भिंत नाही, इथे तीच चेंडू मारते. आणि मारते कशानं? गळ्यानं. भरून आलेल्या, ‘मैंने प्यार किया’वाल्या गळ्यानं. सिनेमातली आई मुलगा घर सोडून चालला की ज्या आवाजात हाक मारते, त्याच आवाजात देवकी भाजीतल्या मिठाबद्दल बोलते. डोळ्यांच्या कडा तशाच ओल्या, पदराचं टोक तसंच बोटाला गुंडाळलेलं, ‘माझं काय, मी आज आहे उद्या नाही’ हा सूर तसाच. दुःख खरं, कारण क्षुल्लक. विनोद त्या दोहोंमधल्या फटीत आहे. आणि ती कारण कधी क्षुल्लक मानत नाही, ही खरी करामत. देवकीच्या दृष्टीनं मिठाचा प्रश्न हा राज्य जाण्याचाच प्रश्न आहे. मी इथे गंमत करते आहे, असं रीमा प्रेक्षकाला डोळा मारून एकदाही सांगत नाही. म्हणून आजीला ती बरोबर वाटायची. आजी फसली नव्हती. तिला जे दिसत होतं ते तिथे होतंच.

याआधी आपल्याकडे सासू म्हणजे ललिता पवार. त्यांची सासू यशस्वी व्हायची, निदान शेवटच्या रिळापर्यंत. देवकीचे सगळे डाव अर्ध्या तासात फसतात, आणि पुढच्या आठवड्यात ती तितक्याच उमेदीनं नवा डाव मांडते. यासाठी सुप्रियाची राधा तोलामोलाची लागते, आणि होती. राधा बारीक, चपळ, तोंडावर हसू ठेवून कापणारी. दोघींच्या भांडणात मजा असायची ती लयीची: सुप्रिया भरभर बोलायची, रीमा तिला तीन वाक्यं बोलू द्यायची आणि मग एक वाक्य, शेवटच्या शब्दावर थोडी रेलून. मध्ये रवीच्या भूमिकेतला महेश ठाकूर, आई आणि बायको यांच्यामध्ये टेबल टेनिसच्या पंचासारखी मान फिरवत.

आज बघताना काही खटकतं. घरातले पुरुष निरुपद्रवी, पेपर वाचत बसणारे. भांडण काय ते बायकांचंच आणि तेही ओट्याभोवतीचं. घर कोणाच्या पगारावर, कोणाच्या नावावर, यावर ही मालिका फार बोलत नाही. हे रीमाच्या खात्यावर टाकता येणार नाही, पण तिच्या देवकीत एक गोष्ट आहे जी कदाचित लेखनातही नसेल. भांडण हरल्यावर ती कधी कधी एकटी उरते, आणि एखाद्या क्षणापुरता चेहरा रिकामा होतो. लगेच पुढचा डाव सुचतो, संगीत वाजतं. पण तो क्षण असतो. घरात आपली गरज संपत चाललीय हे ओळखलेल्या बाईचा तो चेहरा आहे. आजी वाती वळायची थांबायची ती अशा वेळी.

‘तू तू मैं मैं’ आधी डीडी मेट्रोवर आणि मग स्टार प्लसवर, केबलचे पैसे भरणाऱ्या घरांत, २००० पर्यंत चालली. या सगळ्या काळात सिनेमा बाजूला चालूच. १९९९ च्या ऑक्टोबरात ‘वास्तव’ आला. त्यात आई स्वतःच्या मुलाला गोळी घालते. महिन्याभरात ‘हम साथ साथ हैं’, ज्यात ती मैत्रिणींच्या नादानं सावत्र मुलाला घराबाहेर काढणारी ममता. म्हणजे सिनेमानं तिला चुकायला परवानगी दिली, तीही कैकेयीची गोष्ट आडोशाला घेऊन. त्या वर्षी घरी टीव्हीवर देवकी असायचीच. एक बाई त्या काही आठवड्यांत मुलाला मारते, मुलाला हाकलते आणि मुलासाठी सुनेशी भाजीवरून भांडते. ममतामध्ये मला देवकी स्पष्ट दिसते: तोच भरला गळा, तोच पदर. फक्त इथे कुणी हसत नाही, कारण दिग्दर्शकानं हसायची सोय ठेवलेली नाही.

त्याच १९९९ मध्ये जतीन कनकिया अकाली गेले.

मग ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली. ज्या वाहिनीवर सासू हा हसण्याचा विषय होता, तिथेच तो आता ढोल आणि तीनदा चेहरा दाखवण्याचा विषय झाला. आठवड्याचा एक भाग जाऊन रोजचा भाग आला. रोज विनोद लिहिणं जवळपास अशक्य. रोज कट लिहिता येतो. सासू तीच राहिली, फक्त तिचे डाव यशस्वी व्हायला लागले. विनोदी नटीचं नुकसान कुणी ठरवून केलं नाही, वेळापत्रकानं केलं.

नंतरचे प्रयत्न झाले. २००६ मध्ये स्टार वनवर ‘कडवी खट्टी मीठी’ घेऊन रीमा-सुप्रिया परत आल्या. जुनी जादू काही परतली नाही. २०१३ मध्ये झी मराठीवर ‘तुझं माझं जमेना’, समोर मानवा नाईक सून. ती मला आवडली होती, कारण अखेर रीमाची सासू आपल्या भाषेत भांडत होती, आणि मराठीत तिच्या वाक्यांची टोकं जास्त बारीक लागायची. मोठ्या पडद्यावर तिची खरी ताकद मराठीनं गंभीर कामांतच जास्त वापरली: ‘रेशमगाठ’, गजेंद्र अहिरेंचा ‘अनुमती’. ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये तर ती दिसतही नाही, कट्यारीचा आवाज तिचा आहे. नुसत्या गळ्यावर एवढी भिस्त ठेवता येईल अशा नट्या किती असतात? विनोदाला जरा जागा दिली ती गिरीश कुलकर्णींच्या ‘जाऊं द्या ना बाळासाहेब’नं, २०१६ मध्ये. त्यातल्या आईसाहेब बघताना वाटलं, हे काम दहा वर्षं आधी मिळायला हवं होतं.

शेवटची मालिका ‘नामकरण’, पुन्हा स्टार प्लस. दयावंती मेहता, आजी, कठोर, कारस्थानी. देवकीतला विनोद काढून टाकला की जे उरतं ते. गेली त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत त्याच मालिकेचं शूटिंग करून ती घरी आली होती. वय ५८.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं जुन्या मालिका काढल्या, त्यांत ‘श्रीमान श्रीमती’ होती. माझी भाची तेव्हा नऊ वर्षांची, ऑनलाइन शाळेला कंटाळलेली. आजी नव्हती, आई खुर्चीत. केशवनं थाप मारली, कोकीनं त्याच्याकडे तसं एकदा बघितलं, आणि टेप वाजायच्या आधीच भाची फिसकन हसली. मी तिला कौतुकानं सांगायला गेलो की ही कोण माहितेय का, ही सलमानची आई, संजय दत्तची आई. तिनं टीव्हीवरची नजर न काढता मला गप्प केलं. “चिंटूची आई आहे ती. आवाज वाढव.”